शीलाताईंचं पांढरं

दिल्लीत शेवटचं असं काही नसतं. आदेश निघतो, मग सुधारित आदेश निघतो, मग सुधारित आदेशाचं शुद्धिपत्रक निघतं. मी एका मंत्रालयात पुष्कळ वर्षं ही शुद्धिपत्रकंच लिहीत आलो आहे आणि त्यांच्यावर माझं घर चाललेलं आहे. त्यामुळे एकदा केली की नंतर अजिबात दुरुस्त करता येत नाही अशीही गोष्ट जगात असते, आणि माणसं ती हौसेनं करतात, हे शीला गजभिये भेटेपर्यंत मला माहीत नव्हतं.

शीलाताई मयूर विहारला आमच्याच सोसायटीत, आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळच्या नागपूरच्या. केंद्र सरकारच्या एका खात्यात फोटोग्राफर होत्या. खात्याचं काम म्हणजे फीत, कात्री आणि कात्री धरलेला हात. हाताचे मालक बदलत, कात्री बहुतेक तीच असावी. ते फोटो ताईंनी निवृत्त होईपर्यंत नेमानं काढले आणि त्यांतला एकही घरी आणला नाही. घरी होत्या त्या स्लाइड्स. बेडरूममधलं एक अख्खं कपाट त्यांचं. ताईंच्या साड्या दिवाणाखाली.

स्लाइड ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साध्या फिल्मवर फोटो उलटा उमटतो. पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. मग तो कागदावर छापताना छापणारा भला माणूस तुमच्या चुका पोटात घालतो. स्लाइडच्या फिल्मवर जे समोर होतं तेच, त्याच रंगात उमटतं. लॅबमधून धुऊन आली की छोट्या चौकटीत बसवायची आणि उजेडासमोर धरायची. मधे कुणी भला माणूस नाही. उजेड जरासा जास्त घेतला की पांढरं जळून कोरं होतं, जरासा कमी घेतला की भर दुपारी संध्याकाळ होते.

"स्लाइडला शिफारस चालत नाही," ताई म्हणतात. हे वाक्य दिल्लीत राहून म्हणायला छाती लागते.

आणि या हट्टी फिल्मवर त्यांनी काय काढावं? तर पांढरं. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास रजा टाकून त्या नागपूरला जात. दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं येतात. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत, वर निळे झेंडे आणि त्या सगळ्यांवर विदर्भाचं ऑक्टोबरचं ऊन. फोटोग्राफरला घाम फुटावा असाच तो देखावा. कारण कॅमेऱ्यातलं मीटर पांढरं दिसलं की घाबरतं. फारच उजेड झाला अशी त्याची समजूत होते आणि ते सगळा फोटो काळवंडून टाकतं. घरून धुऊन, घडी मोडून नेसलेल्या साड्या राखाडी होऊन बसतात.

ताई त्या मीटरला विचारतच नसत. त्या हातात धरायचं वेगळं मीटर घेऊन समोरच्या बाईच्या गालाशी न्यायच्या. साडीवरून परतणारा उजेड नाही, बाईवर पडणारा उजेड मोजायचा. त्यासाठी बाईच्या गालापर्यंत जावं लागतं. गेलं की ती विचारते, कोण गं तू, कुठली. मग गाव, नाव, माहेर. मग फोटो. एकच.

"लांबून काढणाऱ्यांचं पांढरं नेहमी मळकं येतं," ताई मला म्हणाल्या होत्या. "माझं पांढरं बघा. साडीतला धागा मोजता येईल."

विनय हा गुण ताईंकडे नाही. त्यांनी तो कधी मागवलाही नाही. मला त्यांचं हे फार आवडतं. आमच्या मंत्रालयात ज्यांना काहीच येत नाही ती माणसं अत्यंत विनयशील आहेत.

निवृत्तीनंतर त्यांची मुलगी समता हिनं त्यांना स्लाइडचा स्कॅनर आणून दिला. समता गुरुग्रामला एका उंच इमारतीत राहते आणि त्याहून उंच इमारतीत नोकरी करते. तिचं म्हणणं, "मम्मी, कपाटाला वाळवी लागली तर खतम. सगळं कॉम्प्युटरमध्ये घाल." ताईंनी घालायला घेतलं. ते काम मी पुष्कळदा शेजारी बसून पाहिलं आहे. आधी रबराच्या फुंकणीनं स्लाइडवरची धूळ उडवायची. मग मऊ ब्रश. मग उजेडाला तिरपी धरून पुन्हा बघायची. मग यंत्राच्या तोंडात. यंत्र बराच वेळ घोगऱ्या आवाजात विचार करतं आणि पडद्यावर हळूहळू एक दुपार उघडते.

पण यंत्रानं दिलेला रंग थेट घ्यायचा नसतो. तो जमवावा लागतो. थोडं निळं, थोडं लाल, थोडा उजेड. यासाठी टेबलावर आत ट्यूबलाइट असलेली एक पेटी असते. तिच्यावर मूळ स्लाइड ठेवायची, शेजारी पडदा, आणि दोन्ही एक होईपर्यंत जमवायचं. ताईंच्या पेटीवर मात्र वर्तमानपत्रांचा गठ्ठा असे.

"ताई, तुम्ही स्लाइडशी ताडून बघत नाही?" मी एकदा विचारलं.

"कशाला? फोटो कुणी काढलाय? मला माहीत आहे तो दिवस कसा होता ते."

आणि त्या सांगू लागत. हा सकाळचा, दव नुकतंच उडालं होतं. हा दुपारचा, मांडवाच्या कापडातून आलेला उजेड. ही बाई वर्ध्याकडची, हिच्या पोरानं माझ्या लेन्सला बोट लावलं. मला काल डब्यात काय होतं ते आठवत नाही. मी भारावून ऐकत असे.

अशात दिल्लीतल्या आपल्या लोकांच्या एका मंडळानं ठरवलं की ताईंच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं. मंडळाचे सचिव सूर्यकांत मेश्राम. हे गृहस्थ कुठल्याही प्रश्नाला "बिल्कुल" असं उत्तर देतात आणि आश्चर्य म्हणजे नंतर ते करतातही. हॉल ठरला, दसऱ्याच्या आधीचा रविवार ठरला. छापील पुस्तिकेची प्रस्तावना माझ्याकडे आली, कारण शुद्धिपत्रकं लिहिणाऱ्याला प्रस्तावना येतेच असा समज आहे.

ताईंनी निवडक स्कॅन टीव्हीवर दाखवायला सगळ्यांना घरी बोलावलं. मंडळाची माणसं, समता, मी आणि माझी बायको लतिका. फोटो सुरू झाले. काय फोटो होते! डोक्यावर गाठोडं आणि कडेवर मूल घेऊन चालणारी, पुस्तकांच्या दुकानासमोर वाकलेली, नळाखाली तोंड धुणारी, पायरीवर बसून भाकरी सोडणारी माणसं. कुणी कॅमेऱ्यासाठी अवघडलेलं नाही आणि कुणाला कॅमेऱ्याची भीतीही नाही. आणि सगळं कसं निळसर. झेंडे निळे, सावल्या निळ्या, साड्यासुद्धा निळसर झाक मारणाऱ्या.

"व्वा ताई," सूर्यकांतजी म्हणाले. "सगळं निळं निळं! काय बात आहे."

"एकदम आपला रंग," मागून कुणीतरी म्हणालं.

मीही मागे राहिलो नाही. माझ्या प्रस्तावनेचं पहिलं वाक्य त्याच क्षणी तयार झालं होतं आणि मी ते म्हणूनही दाखवलं: "शीला गजभिये यांच्या छायाचित्रांत आकांक्षेची निळाई वस्त्रांच्या धाग्याधाग्यांत उतरली आहे." दोघांनी टाळ्या वाजवल्या.

निळ्या रंगाविरुद्ध त्या खोलीत तक्रार करणार कोण? पांढरं निळं दिसतंय ही चूक आहे, असं दुसऱ्या कुठल्याही घरात कुणीतरी म्हणालं असतं. इथे ती चूक नव्हती, अभिमान होता.

लतिका म्हणाली, "ताई, साड्यांना नीळ जास्त झालीय."

माझी बायको बँकेत ऑडिटला आहे. जुळतं की नाही हे बघणं आणि जुळत नसेल तर तोंडावर सांगणं, यासाठी तिला पगार मिळतो. घरी ती हेच काम विनावेतन करते.

"नीळ म्हणजे काय, आंटी?" समतानं विचारलं. ती दिल्लीतच वाढली.

"पांढरे कपडे पिवळे पडू नयेत म्हणून धुताना घालतात ते. जास्त झालं की असे दिसतात."

ताईंनी रिमोट खाली ठेवला. "लतिका, मी पांढरं काढायला लागले तेव्हा तू शाळेत असशील."

"असेन. पण साडी निळी आहे."

"तिला फोटोतलं काय कळतं, ताई," मी म्हणालो. नवऱ्यानं या जगात जी काही वाक्यं टाळावीत त्यांतलं हे एक.

त्या दिवसापासून लिफ्टमध्ये लतिका दिसली की ताई जिन्यानं जाऊ लागल्या. गुडघ्यांची तक्रार असताना. लतिका म्हणे, "जाऊ दे. व्यायाम होतो त्यांना."

मधल्या काळात समतानं आईला जबरदस्तीनं डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, कारण ताई रस्ता ओलांडताना स्कूटर अगदी अंगावर येईपर्यंत चालत राहत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, बराच पिकलेला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लगेच झालं, डावा दिवाळीनंतर करायचा ठरला. पट्टी निघाल्यावर मी भेटायला वर गेलो तर ताई काळा चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, आणि समता बाजूला उभी राहून "मम्मी, डॉक्टरनं स्क्रीन मना केलीय ना यार," असं म्हणत होती.

"विश्वासराव, इकडे या," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "हा फोटो कसा दिसतोय?"

"छान दिसतोय."

"रंग विचारला मी."

"रंगही छान आहे."

त्यांनी चष्मा काढला. एक डोळा हातानं झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला. "डाव्यानं बघितलं तर साडी पांढरी. उजव्यानं बघितलं तर साडी..." त्या थांबल्या. "नीळ. एक बादलीभर नीळ."

समतानं मला समजावून सांगितलं ते असं. पिकलेला मोतीबिंदू म्हणजे डोळ्यात बसवलेली पिवळट काच. ती एका दिवसात बसत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. ताईंना पडद्यावरचं पांढरं पिवळं वाटे, म्हणून त्या त्यात निळं घालत. त्यांच्या आठवणीतल्या पांढऱ्यासारखं दिसेपर्यंत घालत. फोटो पेटीवरच्या स्लाइडशी ताडले असते तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. पण पेटीवर वर्तमानपत्रं होती.

"म्हणजे सगळे गेले," ताई म्हणाल्या. "सगळे फोटो निळे. आणि मी ते माझ्या नावानं भिंतीवर लावणार होते."

"लोकांना आवडलेत, ताई," मी म्हणालो.

"लोकांना काय, झेंडा नुसता टांगला तरी आवडेल. मी पांढऱ्यासाठी आयुष्यभर बायकांच्या गालापर्यंत गेले आणि घरी बसून त्यांच्यावर शाई ओतली."

शुद्धिपत्रक काढू या, असं माझ्या तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

छापायला द्यायची तारीख जवळ आली होती. समतानं सुचवलं, "ऑटो करून टाक ना. एक बटण आहे. पांढरं त्याला बरोबर सापडतं." तिनं दाबून दाखवलं. यंत्रानं साडी शोधली, ती पांढरी केली आणि बाकी सगळं तिच्यामागे ओढत नेलं. पहाटेचा फोटो, दुपारचा फोटो, झाडाच्या सावलीतला फोटो, तिन्हींवर एकच उजेड पडला, आमच्या मंत्रालयाच्या कॉरिडॉरमधला.

"ही सकाळ होती," ताई पडद्याला म्हणाल्या. "सकाळ कुठे गेली?"

मग त्यांनी वर्तमानपत्रांचा गठ्ठा स्वतः उचलून खाली ठेवला, पेटी पुसली, लावली आणि स्लाइड वर ठेवली. स्लाइड आणि पडदा. डाव्या डोळ्यानं दोन्ही जुळले. उजव्यानं पेटीची ट्यूबच निळी दिसू लागली आणि पडदा वेगळा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नव्या डोळ्याला काही आठवडे सगळं जास्तच निळं दिसेल, मग मेंदू सांभाळून घेईल. म्हणजे जुना डोळा पिवळा आणि नवा निळा. खरं मधे कुठेतरी, आणि मधला डोळा माणसाला दिलेला नाही.

"विश्वासराव, तुम्ही सांगा. जुळतंय का?"

मी स्लाइड बघितली, पडदा बघितला. "दोन्ही आपापल्या जागी सुंदर आहेत," मी म्हणालो.

"घरी जा," ताई म्हणाल्या.

मी घरी आलो. संध्याकाळी दार वाजलं. लतिका नुकतीच बँकेतून येऊन पाय पसरून बसली होती. दारात ताई, काळ्या चष्म्यात.

"तू ऑडिटर आहेस ना?"

"आहे."

"मग वर चल. ताळा करायचाय."

"चहा पिऊन येते."

"वर आहे चहा."

त्या दोघींमध्ये माफी, गैरसमज वगैरे काही झालं नाही. मी तरी ऐकलं नाही, आणि मी कान देऊन होतो. लतिकानं चप्पल घातली आणि गेली. मी मागोमाग गेलो तर मला चहाकडे पाठवण्यात आलं.

त्यानंतर लतिका रोज बँकेतून सरळ वर जाऊ लागली. ताईंचा हात माउसवर, डोळे बंद किंवा लतिकाच्या तोंडाकडे. लतिकाचा एक डोळा स्लाइडवर ठेवलेल्या भिंगाला लावलेला, मग मान वर, पडद्याकडे.

"निळं कमी. आणखी. आणखी."

"इतकं?"

"ताई, तुम्ही घातलंय तेवढं काढायला नको? हं. थांबा. आता गाल लाल झाले."

"ऊन होतं दुपारचं."

"असेल. स्लाइडमध्ये नाहीये लाल."

"डाव्या डोळ्याला हे सगळं हळद लागल्यासारखं दिसतंय."

"तुमच्या डोळ्याचं मी काय करू? जुळतंय."

"नक्की?"

"ताई, मी एकदा जुळतंय म्हटलं की रिझर्व बँकेनंही परत विचारलेलं नाही."

मला हे दृश्य फार भव्य वाटे. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला "बरं दिसतंय का हो" असं विचारलं नाही, ती आता प्रत्येक फोटोला विचारत होती आणि मिळालेलं उत्तर स्वतःच्या डोळ्याविरुद्ध मान्य करत होती. जुना डोळा म्हणत होता पिवळं. लतिका म्हणत होती बरोबर. ताई "सेव्ह" दाबत होत्या. दर वेळी बोट बटणावर एक क्षण टेकून राही. सरकारी नोकरीत सह्या करणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. इतक्या धैर्यानं सही करणारं कुणी पाहिलं नाही.

लतिकाही त्यात बदलत गेली. रात्री जेवताना म्हणाली, "सावलीतलं पांढरं खरंच निळं असतं. वरच्या आभाळाचं. ताईंनी टिपलंय ते. मी आधी चुकून तेही काढून टाकायला लावत होते." मग भात कालवता कालवता थांबून म्हणाली, "त्या बायका किती जवळून बघतात आपल्याकडे."

वाद झाला तो शेवटच्या फोटोवर. हा प्रवेशदाराशी सर्वांत मोठा लावायचा होता. गर्दीच्या जरा बाहेर उभी असलेली एक म्हातारी. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, निळा झेंडा काठीसारखा जमिनीला टेकलेला. दात नाहीत, आणि ती मनापासून हसते आहे. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरही तीच होती.

"हिचं लुगडं पांढरं नाहीये," लतिका भिंगातून म्हणाली.

"काय?"

"पांढरं नाहीये. ताकासारखं आहे. पदराकडे तर जरा तांबूस."

"मग पिवळं कमी करते. तू निळं जास्त काढायला लावलं असशील."

"पडद्यावर नाही ताई, स्लाइडमध्ये. झेंडा बरोबर आहे, मागची भिंत बरोबर आहे. शेजारच्या बाईची साडी पांढरी आहे. हिचंच लुगडं असं आहे."

ताई उठून उभ्या राहिल्या. "त्या दिवशी कुणी मळकं नेसून येत नाही. तुला ठाऊक नाही, लतिका. घरात खायला नसलं तरी पांढरं नेसून येतात. ट्रंकेतलं ठेवणीतलं काढतात. मी हिच्या गालाला मीटर लावलंय. माझ्या डोळ्यासमोर आहे ते लुगडं. शुभ्र होतं."

"मळकं म्हणाले नाही मी. जुनं आहे. धुऊन धुऊन झालंय तसं."

"शुभ्र होतं!"

मी चहाचे कप उचलले आणि कुठे ठेवावेत ते न कळून पुन्हा तिथेच ठेवले.

ताईंनी भिंग घेतलं. आधी डाव्या डोळ्याला लावलं. मग उजव्या. नव्या डोळ्याला सगळं जास्त निळं दिसत होतं, आणि त्या निळ्यातसुद्धा शेजारच्या बाईची साडी एक होती आणि म्हातारीचं लुगडं दुसरं. फरक दोन्ही डोळ्यांना दिसत होता. त्या बराच वेळ वाकून राहिल्या.

"पदराला ठिगळ आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "ते मला आठवत नव्हतं."

"बारीक टाके घातलेत," लतिका म्हणाली.

"हे मोतीबिंदूनं नाही केलेलं." ताई खुर्चीत बसल्या. "हे मी केलं. ती उभीच अशी होती की मला शुभ्र वाटलं. आणि मग शुभ्रच आठवत राहिलं."

लतिकानं माउस त्यांच्या हाताजवळ सरकवला.

"तू सांग. मी करते."

"काही करायचं नाहीये. जुळतंय."

ताईंनी बटण दाबलं. या वेळी बोट थांबलं नाही.

माझी प्रस्तावना परत आली. पहिल्या वाक्यावर ताईंनी पेन्सिलीची रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, "धाग्यात काही उतरलेलं नाही." मी ते वाक्य काढलं. नवीन वाक्यात फक्त ताईंचं नाव, गाव आणि कुठली फिल्म वापरली ते आहे. माझ्या कारकिर्दीतली सर्वांत निर्दोष प्रस्तावना, असं लतिका म्हणते.

रविवारी सकाळी सूर्यकांतजींनी हॉलमध्ये प्रवेशदाराचा फोटो पाहिला आणि ते प्रथमच "बिल्कुल" म्हणाले नाहीत.

"ताई, आधीचा निळा काय झाला? हे लुगडं जरा... बाहेरचे लोक येणार, दूतावासातले येणार. जरा पांढरं करून घेतलं असतं. आजकाल होतं सगळं."

"होतं," ताई म्हणाल्या. "मी केलंही होतं."

"मग?"

"मग ती बाई राहिली नाही त्यात. लुगडंच राहिलं."

सूर्यकांतजींनी फोटोकडे पुन्हा पाहिलं. मग ते खुर्च्या मांडायला गेले, आणि जाता जाता त्यांनी फोटोवरचा दिवा जरा सरळ केला.

माणसं आली. मयूर विहारची, द्वारकेची, गुरुग्रामहून समताच्या ऑफिसातली. दूतावासातले दोघे आले, गोड हसले, समोसे खाऊन गेले. फोटोंसमोर फोन वर होऊ लागले. ताई मधोमध उभ्या राहून ज्याला त्याला हा फोटो किती कठीण होता ते सांगत होत्या. विनयाची कमतरता त्या दिवशी कुणाला जाणवली नाही.

दुपारी एक तरुण आपल्या आजीला घेऊन आला. तो इथे कुठल्यातरी आयोगात नोकरीला, आजी यवतमाळकडची, नातवाकडे राहायला आलेली. गुडघ्यांवर हात ठेवत ती प्रवेशदाराशी थांबली आणि फोटोच्या इतकी जवळ गेली की नातू म्हणाला, "आजी, हात नको लावू."

"नाही लावत रे." तिनं म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती लुगड्याकडे बघत होती, वरून खाली. "हे पाय, पोरा. हे इहिरीचं पानी हाय. खारं. आमच्याकडं बी असंच व्हायचं. किती बी घासा, दोन पावसाळ्यांत पांढरं असं होते. आन् तरी कसं धुतलंय बाईनं! एक डाग दाखव मले. एक."

नातवानं डाग शोधला. नव्हता.

शीलाताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मला वाटलं त्या आता पुढे होऊन सांगतील की हा फोटो मी काढला, अमुक वाजता, अमुक उजेडात. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या चष्म्याची काळी काच ओली आहे की नाही ते मला दिसलं नाही, आणि मी बघितलंही नाही. लतिका बघत होती.

मग ताई पुढे गेल्या. "कुठल्या हो तुम्ही, आजी?"

"दारव्हा तालुका. तू कुठली वं?"

"नागपूर. माहेर उमरेड." ताईंनी त्यांच्या लुगड्याकडे पाहिलं. पांढरंच होतं, ठेवणीतलं, घड्यांच्या रेघा अजून दिसत होत्या. "नाव काय?"

"वैजयंती. कोनी म्हनत नाही ते. समदे आजीच म्हनतात."

"वैजयंतीबाई, इथे उजेड नाही चांगला. बाहेर येता का जरा? अंगणात?"

"कायले?"

"सांगते. चला."

ताईंनी पिशवीतून कॅमेरा काढला. मला माहीत नव्हतं की त्यांनी तो आणला आहे, आणि त्यात फिल्म भरलेली आहे. अंगणात भर दुपारचं ऊन होतं, धुरकं यायच्या आधीचं, दिल्लीला वर्षातून थोडेच दिवस मिळतं तसं. नातू फोन काढू लागला तर त्याला बाजूला व्हायला सांगण्यात आलं. मला पिशवी धरायला देण्यात आली.

ताईंनी मीटर आजीच्या गालाशी नेलं. आजी म्हणाली, "हे काय वं, ताप पाहतं का?" आणि हसली. ताईंनी काळा चष्मा काढून लतिकाच्या हातात दिला. उजवा डोळा मिटला, मग डावा, मग दोन्ही उघडे ठेवले. मीटरचा आकडा पाहिला आणि लेन्स फिरवली. एकदा लतिकाकडे पाहिलं. लतिकानं खांदे उडवले. हे तिच्या खात्यातलं नव्हतं.

"हलू नका," ताई म्हणाल्या.

कॅमेऱ्याचा आवाज झाला. एकच. आजीनं विचारलं, "दाखव बरं."

"दिसत नाही यात. धुऊन यावा लागतो."

"आन् बरोबर नाही आला तं?"

"तर नाही आला," शीलाताई म्हणाल्या, आणि लतिकाकडून चष्मा परत घेऊन आजींचा हात धरून आत चहा द्यायला घेऊन गेल्या.